विश्लेषण : जुन्या कुड्या-बुगड्या विकत घेताना काय तपासावे?

सोन्याचे भाव चढले की घरोघरचे जुने दागिने बाहेर निघतात. काही मोडीत जातात, तर काही ‘अँटिक’ म्हणून चढ्या दराने विकले जातात. कुडी, बुगडी, भिकबाळी यांत सोने थोडे आणि कारागिरी जास्त. त्यामुळे विकणारा आणि घेणारा अशा दोघांचेही नुकसान होऊ शकते.

‘अँटिक’ म्हणजे नेमके काय?

सराफी दुकानात हा शब्द बहुतेकदा वयासाठी नव्हे, तर झळाळीसाठी वापरतात. नव्या सोन्यावर काळपट, मंद पॉलिश केले की तो ‘अँटिक’ दागिना होतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार मात्र वस्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. म्हणून वयाचा दावा बिलावर लिहून मागावा. विक्रेता त्याला तयार नसेल, तर जुनेपणाचे जादा पैसे मोजू नयेत.

वय कसे ओळखावे?

दागिना उलटा करून पाहावा. हाताने पाडलेले फिरकीचे आटे एकसारखे नसतात. एका कुडीची फिरकी दुसरीला नीट बसेलच असे नाही. खरी झीज कानाला आणि बोटांना घासणाऱ्या भागांवर दिसते. सर्व खाचांत सारखाच काळेपणा असेल, तर ते पॉलिश असण्याची शक्यता अधिक. फिरकी बदललेली असणे गैर नाही, पण ते सांगितले गेले पाहिजे.

मोती आणि माणके खरी आहेत का?

मोती दातावर घासला की किंचित खरखरीत लागतो. या परीक्षेत काचेचा मोती उघडा पडतो; संवर्धित मोती मात्र पास होतो. कोकिची मिकिमोतो यांना संवर्धित मोत्याचे पहिले यश १८९३ मध्ये मिळाले, पण गोल संवर्धित मोती बाजारात रुळले ते १९२० च्या दशकात. म्हणजे ‘पणजीच्या लग्नातल्या’ कुडीत असे मोती निघाले, तर ते नंतर ओवलेले असतात किंवा कहाणी खोटी असते. नैसर्गिक मोत्याची खात्री प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणीनेच होते. कृत्रिम माणिक तयार करण्याची व्हर्न्यूल यांची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. त्यामुळे जुन्या कोंदणातला खडाही कृत्रिम असू शकतो. भिंगाखाली वक्र रेषा किंवा गोल बुडबुडे दिसल्यास सावध व्हावे.

हॉलमार्क नसेल तर?

जुन्या दागिन्यावर तो नसणे स्वाभाविक आहे. सोन्याचे हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झाले आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे, तसेच कुंदन, पोलकी व जडाव दागिने सक्तीतून वगळले आहेत. शिवाय हॉलमार्क शुद्धता सांगतो, वय नाही. कॅरट मोजणारे क्ष-किरण यंत्र प्रामुख्याने पृष्ठभाग तपासते. म्हणून मुलामा आणि डाक दिलेल्या जागा वेगळ्या तपासून घ्याव्यात. आत लाख भरलेली असेल, तर तिचे वजन सोन्याच्या भावाने मोजू नये. जुन्या चिठ्ठीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बोलीतला १० ग्रॅमचा, हा फरकही ध्यानात ठेवावा.

विकणाऱ्याने काय करावे?

मोडीत मोती-खड्यांचे वजन वजा होते आणि घडणावळीचे काहीच मिळत नाही. वितळवलेली कुडी परत मिळत नाही. म्हणून मोडण्याआधी मोत्यांचे आणि कारागिरीचे स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावे. शंभर वर्षांवरील दागिना परदेशातल्या लेकीला पाठवण्याचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी. पुरावशेषांची खासगी निर्यात कायद्याने निषिद्ध आहे.