जवळचा रस्ता आणि लवकरचा रस्ता

हंगाम आटोपला, उसाची बिले खात्यावर पडली, की आपल्यातले काही आई-वडील अमेरिकेतल्या मुलाकडे-लेकीकडे जायला निघतात. मग पारावर एकच चौकशी : अमेरिका किती लांब हो? कोणी किलोमीटर सांगतो, कोणी तास. या दोन्हींचा हिशेब जुळतोच असे नाही.

दिल्ली आणि सॅनफ्रान्सिस्को हे दोन विमानतळ घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली तर अंतर भरते सुमारे 12,400 किलोमीटर. दोरी जाते उत्तर ध्रुवाच्या अंगाने. शाळेतल्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजाल तर फसाल.

एअर इंडियाने डिसेंबर 2015 मध्ये या दोन गावांमध्ये थेट विमान सुरू केले. ते पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जाई. वाट सुमारे 13,900 किलोमीटरची. ऑक्टोबर 2016 मध्ये तेच विमान उलट्या दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेले. वाट झाली 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 नी जास्त. आणि वेळ लागला साडेचौदा तास, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

यात जादू काही नाही. आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, पश्चिमेला जाणाऱ्याला छातीवर येतात. आपल्याला हे नवे नाही. पाणंदीची वाट जवळची खरी, पण चिखलात उसाची ट्रॉली काट्यावर लवकर पोचते ती लांबच्या डांबरी सडकेनेच. विमानात वेळ वाचला की तेलही वाचते, म्हणून कंपन्या वारा बघून वाट ठरवतात.

कधी वाट वाऱ्याने नव्हे, तर माणसाने अडते. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे आकाश बंद होते. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घेऊन व्हिएन्नाला थांबावे लागले. विमानतळ जागेवरच होते, तास तेवढे वाढले.

घड्याळाचेही सांगून ठेवतो, कारण घरची माणसे त्यानेच गोंधळतात. सॅनफ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा. हिवाळ्यात पहाटे चारला निघून सोळा तास उडालात, तर तिथे उतरताना त्याच तारखेचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. पोचल्याचा फोन लगेच आला नाही म्हणून माउलींनी देव पाण्यात ठेवू नयेत.

तिकीट काढताना किलोमीटर विचारू नका; मधला थांबा किती तासांचा ते विचारा. गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची तेव्हाच मागावी, त्यात कमीपणा कसला? रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. तासा-दोन तासांनी उठून चार पावले चाला, पाणी पीत राहा. एका जागी बसून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो.

आता आपल्या उसाची गोष्ट. मे 2023 मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात मळीपासून तयार केलेले इंधन मिसळले होते, एक टक्क्यापर्यंत. आंतरराष्ट्रीय विमानांसाठी असे हरित इंधन 2027 पासून 1 टक्का आणि 2028 पासून 2 टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरवले आहे. या मळीला भाव काय मिळणार, हा प्रश्न सभासदांनी वार्षिक सभेत जरूर विचारावा.