परळची प्रयोगशाळा, कल्याणचा तबेला : पशुवैद्यकातील संशोधन पदव्यांच्या वाटा

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत विज्ञान शाखेकडे वळलेल्या मुलामुलींच्या भवितव्याची चर्चा बहुधा वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोनच शब्दांभोवती फिरते. पशुवैद्यकाचा विषय निघालाच, तर तो ‘नीट’मध्ये गुण कमी पडल्यावरची तडजोड म्हणून निघतो आणि पदवी हाती आली की दवाखाना टाकायचा, इथवर येऊन थांबतो. पशुवैद्यक आणि त्याला लागून असलेली जैववैद्यकीय शास्त्रे, म्हणजे रोगजंतू, प्रतिकारशक्ती, औषधे व पुनरुत्पादन यांचा माणूस आणि प्राणी अशा दोघांच्या संदर्भात अभ्यास करणारी शास्त्रे, यांमध्ये संशोधनाच्या पदव्या असतात आणि त्यांवर आयुष्य उभे राहू शकते, हे क्वचितच बोलले जाते. वास्तविक मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने परळला उतरले, की या विषयांतील देशातील जुन्या संस्थांपैकी दोन संस्था जवळच आहेत.

त्यांपैकी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय त्याला लागूनच असल्यामुळे शिकणाऱ्यांना आजारी जनावर पाहण्यासाठी दूर जावे लागत नसे. दुसरी संस्था हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. ही प्रयोगशाळा परळला येण्याच्याही दहा वर्षे आधी, १८८९ मध्ये, गुरांच्या साथींच्या, विशेषतः बुळकांडीच्या, अभ्यासासाठी पुण्यात एक जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली होती. ती पुढे कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली आणि आज बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले, आणि देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून हद्दपार केलेला हा दुसराच रोग असूनही शालेय पुस्तकांत त्याला देवीच्या तुलनेत नगण्य जागा मिळते, यात पशुवैद्यकाच्या वाट्याला आलेली उपेक्षा दिसते.

पदव्यांचा विचार करताना पहिला फरक प्रवेशाच्या पात्रतेचा आहे. पशुवैद्यकाची पदवी, म्हणजे बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच., ही ‘नीट’च्या गुणांवर मिळणारी, एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची पदवी असून ती असल्याशिवाय एम. व्ही. एस्सी.ला प्रवेश मिळत नाही. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ २००० मध्ये सुरू होण्यापूर्वी परळचे महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली होते. मुंबईखेरीज नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथील महाविद्यालयांत व अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत उच्च शिक्षणाची सोय असून काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय परीक्षेतून भरल्या जातात. त्याच परीक्षेतून इज्जतनगरसारख्या संस्थांची दारेही उघडतात.

एम. व्ही. एस्सी. किमान दोन वर्षांची असते. परिषदेने २०२१ मध्ये सुधारलेल्या आराखड्यानुसार तिच्या ७० श्रेयांकांपैकी ३० प्रबंधाचे असतात, तर किमान तीन वर्षांच्या पीएच. डी.च्या १०० श्रेयांकांपैकी ७५ प्रबंधाचे असतात. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे व कामाचे ठरावीक तासांत मोजलेले माप. या आकड्यांतूनच दोन पदव्यांचा स्वभाव कळतो, कारण पहिलीत संशोधनाची रीत शिकायची असते आणि दुसरीत प्रश्न स्वतः उभा करून त्याचे उत्तर शोधायचे असते. शाखा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत: शस्त्रक्रिया, औषधवैद्यक, प्रसूतिशास्त्र या थेट उपचाराच्या शाखा, आणि सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र, परजीवीशास्त्र, औषधक्रियाशास्त्र, पशुपोषण, पशुप्रजनन, जनस्वास्थ्य व साथरोगशास्त्र या प्रयोगशाळेच्या वा क्षेत्रीय पाहणीच्या शाखा. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत कुत्रीमांजरी वाढत असताना विद्यार्थ्यांचा ओढा पहिल्या प्रकाराकडे असणे समजण्याजोगे आहे; मात्र ठाणे जिल्ह्यातील खरे अनुत्तरित प्रश्न बहुतांशी दुसऱ्या प्रकारातले आहेत.

कल्याणच्या दूधनाक्याचे नावच त्या भागाच्या व्यवसायाची साक्ष देते. शहरी तबेल्याचे अर्थकारण गावच्या गोठ्यापेक्षा वेगळे असते: दुभती म्हैस विकत आणायची, वेतभर दूध काढायचे आणि ती भाकड झाली की चाऱ्याचा व जागेचा खर्च परवडत नाही म्हणून विकून टाकायची. या फेऱ्यात पारडे जगवण्यात फारसा लाभ उरत नाही, चांगल्या दुधाच्या म्हशीचा वंश पुढे जात नाही आणि दूरदूरच्या बाजारांतून आलेली जनावरे एका छपराखाली दाटीने बांधली गेल्यामुळे कासदाह, लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांना आयती वाट मिळते. यांतला सांसर्गिक गर्भपात दूध न उकळता पिणाऱ्यालाही तापाने बेजार करतो. कासदाहाच्या दुधात कोणते जीवाणू सापडतात आणि ते कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, हा एम. व्ही. एस्सी.च्या दोन वर्षांत पुरा होणारा प्रश्न आहे. भाकड म्हशी पुन्हा गाभण राहतील अशी व्यवस्था शहराजवळ परवडेल का, हा पीएच. डी.चा. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौषात भरणाऱ्या यात्रेतील गुरांचा बाजार हेही साथरोगशास्त्राचे उघडे दालन आहे, कारण चारी दिशांची जनावरे थोडे दिवस एकत्र येऊन पुन्हा पांगतात, तेव्हा रोगही त्यांच्याबरोबर प्रवास करू शकतो.

जिल्ह्याने असे प्रवास पाहिलेही आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. त्याच वर्षी राज्यभर गुरांवर लम्पी चर्मरोग आला. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदीर व गुरांच्या मूत्रातून बाहेर पडणारा हा मळसूत्री जीवाणू साचलेल्या पाण्यातून, त्वचेवरच्या बारीकशा जखमेवाटे माणसात शिरतो. अशा रोगांसाठी माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र अभ्यासावे लागते; या दृष्टीला ‘वन हेल्थ’ किंवा एकात्म आरोग्य म्हणतात, आणि तिच्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात बसवण्यात आली.

पशुवैद्यकाची पदवी नसलेल्यांसाठीही या विषयांत शिरण्याचे दुसरे दार आहे. कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात किंवा ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयात विज्ञान शिकून सूक्ष्मजीवशास्त्र वा तत्सम विषयात एम. एस्सी. झालेल्यांना एम. व्ही. एस्सी. मिळणार नसली, तरी हाफकिन संस्थेत किंवा परळच्याच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. करता येते. कर्करोगाच्या जीवशास्त्रासाठी ठाण्याहून पनवेलच्या लोकलने खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन विभागात जाता येते, तर विषाणूंचे आकर्षण असणाऱ्यांसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे. कर्नाटकात माकडांच्या मृत्यूंवरून लक्षात आलेला क्यासनूर जंगल ताप १९५७ मध्ये याच संस्थेने उलगडला होता. अशा संस्थांत प्रवेशासाठी सहसा ‘नेट’सारख्या राष्ट्रीय परीक्षेतून मिळालेली शिष्यवृत्ती विचारात घेतात; सीएसआयआर-यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढच्या टप्प्यात ४२,००० रुपये आहे. ही रक्कम दवाखान्याच्या कमाईशी ताडून पाहणाऱ्या पालकांना तोकडी वाटेल, परंतु शिकण्यासाठी पैसे मिळण्याची सोय देणारी शिक्षणक्षेत्रे थोडीच आहेत.

दोन्ही दारे एका ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे प्राणीगृह. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नीतिसमिती नेमावी लागते व तिच्यात पशुवैद्यकाचा समावेश असावा लागतो. त्यामुळे उंदीर, ससे आणि प्रतिविषासाठी पाळलेले घोडे यांच्या आरोग्याची जाण असलेल्या संशोधक पशुवैद्यकाची गरज औषध कंपन्यांनाही असते. ठाणे आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींच्या सावलीत वाढलेल्यांना या नोकरीचे नाव फारसे ऐकू येत नाही, हे नवलच.

येऊरच्या रानाशेजारी राहणाऱ्यांना बिबट्यांचे वैद्यक खुणावत असेल, तर नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील पशु विद्यापीठाचे वन्यजीव केंद्र आणि इज्जतनगर येथील वन्यजीवविषयक पदव्युत्तर शिक्षण यांकडे पाहावे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी संशोधन पदवी आणि उपचाराचा परवाना यांतला भेद आधी समजून घ्यावा, कारण अमेरिकेत भारतीय पशुवैद्यक पीएच. डी.साठी थेट अर्ज करू शकतो, मात्र तेथे जनावरावर उपचार करण्यासाठी त्याला समकक्षतेची आणि परवान्याची परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते. देशात असो वा बाहेर, अर्जाआधी ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या मार्गदर्शकांचे अलीकडचे चार-पाच शोधनिबंध वाचावेत, त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले याची चौकशी करावी आणि त्यांच्या विभागाला नमुने, म्हणजे रक्त, दूध, शेण किंवा मृत जनावराचे अवयव, नियमितपणे कुठून मिळतात, हेही विचारून घ्यावे.