तळे पहाटे पाहावे

दादरा आणि नगर हवेलीतल्या मसाटमध्ये परसातले तळे लोक बहुधा संध्याकाळी पाहतात. कंपनीतून परतल्यावर हातात चहाचा कप असतो, उन्हे कललेली असतात, हिरवट पाण्यात एखादा रोहू उसळी मारतो आणि सगळे झकास चालले आहे असे वाटते. तळ्याची खरी तब्येत कळते ती पहाटे पाचला. ती दिसते रात्रपाळी करून घरी येणाऱ्याला: सगळे मासे वर आलेले, तोंडे पाण्याबाहेर, आ वासून हवा गिळताना. घरातले पोर म्हणते, भुकेले आहेत, आणि मूठभर कुरमुरे टाकते. परसातल्या तळ्याविषयीचे निम्मे गैरसमज त्या एका मुठीत आहेत.

ते मासे भुकेलेले नसतात, गुदमरलेले असतात. पाण्यात प्राणवायू मावतोच थोडा. वीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. म्हणजे उष्म्याने माशाची गरज वाढते नेमकी तेव्हाच पाण्याची ऐपत घटते. कटला-रोहूला लिटरमागे पाच मिलिग्रॅम मिळाला की ते मजेत असतात. तीनच्या खाली उतरला की वर येतात. दिवसा पाण्यातले सूक्ष्म शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करते, म्हणून संध्याकाळी पाच वाजता शिल्लक भरपूर असते. अंधार पडला की तेच शेवाळ प्राणवायू घेऊ लागते. मासेही घेत असतात, तळाच्या गाळातले जिवाणूही घेत असतात. रात्रभर नुसता खर्च, जमा काहीच नाही. सूर्य उगवायच्या आधी खाते जवळजवळ रिकामे असते. त्यात कुरमुरे पडले की ते कुजवायला जिवाणूंना आणखी प्राणवायू लागतो.

अशा वेळी खाणे बंद करावे आणि पाणी हलवावे. पंपाने तळ्यातलेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडले तरी पुरते. बोअरचे पाणी सोडायचे तर तेही असेच उडवत सोडावे, कारण जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते. ते पिंपात दिवसभर उघडे ठेवून मग वापरावे. आषाढ-श्रावणात सलग चार दिवस सूर्य दिसला नाही, तर पहाटे तळ्यावर चक्कर मारायलाच हवी. शेवाळाची दिवसाची कमाई त्या दिवसांत बुडालेली असते.

“पाणी काचेसारखे स्वच्छ हवे”

हिरव्या पाण्याची उगाच बदनामी झाली आहे. फिकट हिरवे किंवा हिरवट तपकिरी पाणी म्हणजे त्यात प्लवंग आहे, आणि तोच कटल्याचा मुख्य आहार. तळ दिसणाऱ्या पाण्यात माशाला विकतच्या खाण्यावर जगावे लागते. परीक्षा सोपी आहे. हात सरळ पाण्यात घालावा. कोपर बुडताना तळवा दिसेनासा झाला तर प्रमाण ठीक. मनगट बुडायच्या आतच तळवा गडप झाला तर शेवाळ माजले आहे; शेणखत आणि खाणे दोन्ही थांबवावे. कोपर बुडूनही बोटे मोजता आली तर पाणी उपाशी आहे.

जलपर्णी पाणी शुद्ध करते म्हणून कोणी हौसेने दोन रोपे आणून सोडतो. ती पाण्यातले काही क्षार शोषते हे खरे. पण थोड्याच दिवसांत ती पाण्यावर गोधडी पसरते, ऊन आत जाऊ देत नाही, आणि पहाटेचे संकट रोजचे होते.

“खड्डा खणला की पाणी आपोआप राहते”

दादरा आणि नगर हवेलीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पाण्याची काळजी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण हा सगळा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा मुलूख. वरची माती काढली की बऱ्याच ठिकाणी मुरूम लागतो आणि मुरूम पाणी धरत नाही. जुलैत काठोकाठ भरलेला खड्डा दिवाळीला चिखलाचा होतो. खणण्याआधी तळाच्या पातळीवरची माती ओली करून तिचा लाडू वळावा, हातभर उंच उडवून झेलावा. न फुटता हातात आला तर चिकणमाती पुरेशी आहे. फुटला तर बाहेरून चिकणमाती आणून तुडवून थर द्यावा, नाहीतर शेततळ्याचे जाड प्लास्टिक अंथरावे. त्या प्लास्टिकवरही चार-सहा बोटे माती पसरावी, कारण तळाशी चरणाऱ्या मृगळाला गाळ लागतो.

सिमेंटचे तळे बांधणाऱ्यांची चूक निराळी. गवंडी गेला, पाणी भरले, दुसऱ्या दिवशी मासे सोडले, तिसऱ्या दिवशी मेले. दोष बीजवाल्याला दिला जातो. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की माशांचे कल्ले जळतात. भरायचे, तीन-चार दिवस ठेवायचे, उपसून टाकायचे, असे तीन-चार वेळा करावे. त्यात केळीच्या खांबाचे तुकडे टाकण्याची जुनी रीत आहे.

“जितके खोल तितके चांगले” हेही घरगुती तळ्याला लागू नाही. पाच ते सहा फूट खोली पुरे. त्याहून खोल गेले की तळाशी ऊन पोचत नाही आणि तिथे प्राणवायूवाचूनचे थंड पाणी साचून राहते. मोठा पाऊस झाला की वरचे पाणी गार होऊन खाली जाते, तळाचे वर येते आणि मासे एका रात्रीत उलटे होतात. लोक म्हणतात, पावसाच्या पाण्यात विष होते. काठाला कुंपण मात्र हवेच. पाच फूट पाणी पोराबाळांच्या घरात थोडे नसते.

“बीज स्वस्त आहे, पाचशे टाकू, जगतील तेवढी जगतील”

सगळ्यात जास्त मासे या हिशोबाने मरतात. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद तळे घ्या. तीनशे चौरस फूट, म्हणजे जेमतेम अठ्ठावीस चौरस मीटर. मातीच्या तळ्यात, हवा देणारे यंत्र नसताना, एक-दोन चौरस मीटरला एक मासा हे नेहमीचे प्रमाण. म्हणजे पंधरा ते तीस बोटुकली. पाचशे नव्हेत. त्यातला तिसरा हिस्सा वरच्या थरात राहणारा कटला, तितकाच मधल्या थरातला रोहू आणि बाकीचा तळातला मृगळ. तिघांची जेवणाची पंगत वेगवेगळ्या मजल्यांवर बसते, म्हणून एकाच तळ्यात नांदतात.

जिरे, बीज आणि बोटुकली यांत गल्लत करू नये. जिरे म्हणजे नुकते अंड्यातून निघालेले, डोळ्यांना नीट न दिसणारे. परसात बोटाएवढी बोटुकलीच आणावीत. पिशवी आणली की लगेच ओतू नये. पंधरा-वीस मिनिटे ती तशीच पाण्यावर तरंगू द्यावी, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे, आणि मासे आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या परांनी, बाहेर पडू द्यावेत. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करावे, भर दुपारी कधीच नाही.

आता उत्पन्नाचे. चांगल्या सांभाळलेल्या मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी तीन ते पाच टन मासळी वर्षाला निघते. तोच हिशोब आपल्या अठ्ठावीस चौरस मीटरला लावला तर आठ ते चौदा किलो. घरच्या कालवणाला उत्तम, पाहुण्यांना पाठवायलाही थोडी उरेल. “परसातून लाखोंची कमाई” सांगणारे व्हिडिओ बहुधा बायोफ्लॉकच्या टाक्यांचे असतात. त्या टाकीत दाटीने मासे ठेवता येतात हे खरे, पण तिथे हवा चोवीस तास द्यावी लागते. वीज गेली आणि जनरेटर नसला, तर तासाभरात सगळा खेळ आटोपू शकतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या घटकालाही अनुदान ठेवले गेले: सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. मात्र अनुदान मिळाले म्हणून प्राणवायू वाढत नाही.

“एकदा सोडले की पिल्ले होत राहतील”

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती, चढती नदी लागते. म्हणूनच कित्येक वर्षे या माशांचे बीज नदीतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आज जे बीज पिशवीतून विकत मिळते त्यामागे ते काम आहे, आणि १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. परसातल्या तळ्यात दर एक-दोन वर्षांनी नवे बीज आणावेच लागते.

मग तळ्यात अचानक शेकडो पिल्ले दिसली तर ती कुणाची? बहुधा सायप्रिनसची (कॉमन कार्पची) किंवा तिलापियाची. सायप्रिनस पाणवनस्पतींवर अंडी चिकटवतो. तिलापियाची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे पाहता पाहता तळे बोटभर माशांनी भरते आणि एकही मोठा होत नाही. बाजारात “थाई मागूर” स्वस्तात विकायला आला तर तो घेऊ नये. तो आफ्रिकी मासा आहे, हाती लागेल ते खातो आणि भारतात त्याच्या पैदाशीवर बंदी आहे. आपला देशी मांगूर वेगळा.

जपानी कोई वेगळ्या जातीचा राजेशाही मासा आहे, हाही एक भ्रम. तो रंगीत सायप्रिनसच. जपानच्या निगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात निवडून निवडून त्याचे रंग घडवले. मासा टाकीच्या मापानेच वाढतो असे सांगून छोट्या टाकीसाठी तो विकला जातो. अपुऱ्या, घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते, त्याला मापात राहणे म्हणत नाहीत. चांगल्या तळ्यात तो दोन फुटांपर्यंत जातो.

“पहिल्या पावसात मासे आकाशातून येतात”

हे हसण्यावारी नेऊ नये, कारण पाहणाऱ्याने जे पाहिले ते खरे असते. मृगाचा पाऊस झाला की काल कोरड्या असलेल्या भातखाचरात आज मासे वळवळतात. हे चढणीचे मासे. ओढ्यातून, नाल्यातून उलट्या धारेने ते अंडी घालायला वर चढतात. मरळ आणि देशी मांगूर यांना हवेतला श्वास घेता येतो, त्यामुळे ओलसर चिखलातही ते काही काळ तग धरतात. तळ्याच्या मालकाने त्यांच्याकडे जरा संशयाने पाहावे. नाल्याचे पाणी तळ्यात घेतले तर मरळीचे पिल्लू आत येते आणि दिवाळीपर्यंत तुमची बोटुकली मोजायला सोपी होतात. येणाऱ्या पाण्याला बारीक जाळी हवी, जाणाऱ्या पाण्यालाही. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर आपल्या तीनशे चौरस फुटी तळ्यात नुसते वरून अठ्ठावीसशे लिटर पाणी पडते, अंगणातले वाहून येते ते वेगळे. सांडव्याला जाळी नसेल तर मासे शेजाऱ्याच्या खाचरात. बांधात मुठ्यांनी बिळे केली आहेत का, तेही पावसाआधीच पाहावे.

मसाटला आणखी एक पथ्य. हा कारखान्यांचा परिसर आहे. रस्त्यावरून, छपरांवरून, आवारांतून वाहणारे पहिल्या पावसाचे पाणी महिन्यांची धूळ आणि तेल घेऊन येते. ते तळ्यात घेऊच नये; चारी काढून वळवावे.

“तळे म्हणजे डासांना आमंत्रण”

शेजारच्या वहिनींची ही तक्रार हमखास येते, आणि ती निम्मी बरोबर आहे. मासे नसलेले, काठाला गवत माजलेले डबके डास वाढवते. मासे असलेल्या, काठ साफ ठेवलेल्या तळ्यात अळ्यांचा निभाव लागत नाही. डेंग्यूचा डास तर भंगारातले टायर, पिंपे, कुंड्यांखालच्या बशा, नारळाच्या करवंट्या शोधतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून अशी भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करायची असतात. मात्र कटला-रोहूवर विसंबू नये, अळ्या खाणे हा त्यांचा धंदा नव्हे. ते काम गप्पीचे. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. बंदिस्त तळ्यात दहा-वीस सोडावेत, पण उरलेले नेऊन साकरतोड किंवा दमणगंगेत सोडू नयेत. तिथल्या लहान देशी माशांची जागा ते बळकावतात.

साप येतील म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: पाण्यात दिसतो तो बहुधा दिवड. चिडका आहे, चावतो, पण बिनविषारी. बेडूक-उंदरांच्या मागे इतर सापही येऊ शकतात, म्हणून काठाशी लाकडे-विटांचा ढीग नको. माशांचे खरे चोर म्हणजे खंड्या, बगळे आणि पाणकावळा. त्यांच्यासाठी वरून आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या तरी बरेच काम होते.

खाण्याविषयी थोडेच. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समसमान, माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के, रोज ठरल्या वेळी. लग्नातला उरलेला भात, शिळा पाव, फरसाण यांना तळ्यात जागा नाही. अर्ध्या तासात संपले नाही तर उद्या कमी. पहाटे मासे वर आलेले दिसले तर त्या दिवशी उपास.

फेब्रुवारी ते एप्रिल खणकाम. तळ सुकला की अठ्ठावीस चौरस मीटरला पाऊण किलो चुना भुरभुरावा, पोतेभर नव्हे. पाऊस सुरू झाल्यावर पाणी भरले की सहा-सात किलो शेण कालवून टाकावे, आणि पंधरा दिवसांनी पाणी हिरवट झाले की बोटुकली सोडावीत. पुढच्या फाल्गुन-चैत्रात, पाणी कंबरेला आले की, मोठे मासे काढायला सुरुवात करावी. वैशाखापर्यंत थांबण्याचा मोह होतो, आणखी पाव किलो वाढेल म्हणून. तेव्हा पाणी गुडघ्याला आणि गरम असते, मासे तेवढेच आणि मोठे झालेले.