चार नॅनोग्रॅमची चाळिशी

हिवाळ्यात तोरणमाळची रात्र बोचरी असते. सुमारे 1150 मीटर उंचीवरच्या या पठारावर म्हातारा माणूस घोंगडी सारून तीन-चारदा लघवीला उठला, तर घरचे म्हणतात, थंडी आहे, वय झालं. बहुतेकदा ते खरंही असतं. वयपरत्वे प्रोस्टेट ग्रंथी फुगते. फुगणं म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर सुरुवातीला गप्पच बसतो. त्याला बोलतं करायची धडपड शतकभर चालली आहे.

सगळ्यात जुनी तपासणी बोटाची. हातमोजा, थोडी जेली आणि गुदद्वारातून चाचपणारं डॉक्टरांचं बोट. निरोगी ग्रंथी नाकाच्या शेंड्यासारखी लवचिक लागते, कॅन्सरची गाठ हाडासारखी टणक. पण बोटाला लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असायचा. 1938 मध्ये अमेरिकेत गटमन पती-पत्नींनी रक्तातलं ॲसिड फॉस्फेटेज हे विकर मोजलं. तेही वाढायचं ते बहुधा कॅन्सर हाडांत पोचल्यावर.

1979 मध्ये बफेलोच्या रोझवेल पार्क संस्थेत पीएसए हे प्रोस्टेटमधलं प्रथिन वेगळं काढलं गेलं. 1986 मध्ये रुग्णावर लक्ष ठेवायला आणि 1994 मध्ये कॅन्सर शोधायला अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. रक्तात मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅम ही रेघ ठरली. ओलांडली की बायोप्सीची सुई. पण साध्या सुजेनेही आकडा चढतो, आणि 2004 च्या एका अभ्यासात रेघेखालच्याही सुमारे 15 टक्के पुरुषांत कॅन्सर निघाला. 2009 मध्ये युरोपच्या मोठ्या चाचणीत प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले खरे, पण एक मृत्यू टाळायला 48 जणांवर जादा उपचार झाले. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने 2012 मध्ये सरसकट तपासणी नको म्हटलं. 2018 मध्ये 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, असं सांगितलं. प्रश्नच बदलला: कॅन्सर आहे का, यापेक्षा तो जिवावर उठणारा आहे का? म्हणून आता सुईआधी एमआरआय. 2017 च्या ब्रिटिश अभ्यासानुसार त्यामुळे चौघांतल्या एकाची सुई टळू शकते.

आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कॅन्सर येतात, प्रोस्टेट नाही. तेव्हा घरी कुणी विचारायला येणार नाही; आपणच उठून जायचं. एमआरआयचं यंत्र काही तोरणमाळचा घाट चढून येत नाही. इतिहास घडला त्याच क्रमाने इथे तपासणी होऊ शकते: आधी बोट, मग रक्ताची नळी, आणि गरज पडली तरच घाट उतरणं. पण या सातपायरीच्या घाटाआधी आणखी एक पायरी असते, लाजेची. ती उतरायला गाडी लागत नाही.