चार दिवस नव्हे, अकरा वर्षे

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, अशी आपली जुनी म्हण. त्या म्हणीतले चार दिवस कोणी बोटांवर मोजीत नाही. परंतु ई टीव्ही मराठीवर २००१ साली जी ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली, ती २०१३ सालच्या जानेवारीत आटोपली, आणि तोवर तिचे तीन हजारांवर भाग झाले होते. एवढा काळ देशमुखांच्या घरची सासू म्हणून रोहिणी हट्टंगडी आपल्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी येत राहिल्या. पुष्कळ सख्ख्या नातेवाइकांनाही इतके येणेजाणे ठेवणे जमत नाही.

आमच्या इंदुरातील जुन्या मराठी घरांत या येण्याचे मोल निराळे होते. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले खरे, पण तेथील मराठी कार्यक्रम येथवर पोहोचत नसत. पुढे आमच्याकडे दूरदर्शन आले ते हिंदी घेऊन. रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपटांच्या पाळीत कधी मराठीची पाळी लागली, की वाड्यातली सगळी बिऱ्हाडे एका खोलीत जमत. होळकरांच्या काळापासून येथे असलेल्या कुटुंबांची ही स्थिती! मग १९९९ साली अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आले. गंमत अशी, की हे दुसरे घर उभारले ते हैदराबादच्या तेलुगू मंडळींनी. माझी नातवंडे ‘पंखा चालव’ म्हणत, ती ‘पंखा लाव’ म्हणू लागली ती या मालिकांच्या संगतीत. शाळेतून हे झाले नसते, आणि माझ्या टोकण्याने तर मुळीच झाले नव्हते.

तरीही एक तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. एवढी मोठी अभिनेत्री सासूसुनेच्या रगाड्यात वाया गेली, असे नाटकवेडे म्हणतात. त्यांचा जीव का तुटतो, हे समजण्यासाठी मागे गेले पाहिजे.

रोहिणीताई मूळच्या पुण्याच्या, ओकांच्या. जन्म १९५१ चा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या शिस्तीत त्या तयार झाल्या आणि १९७४ साली बाहेर पडल्या. जयदेव हट्टंगडी तेथलेच सहाध्यायी, पुढे पती आणि दिग्दर्शकही. जपानी काबुकी आणि आपले यक्षगान, दोन्हींत या पुणेरी मुलीने काम केले. १९८२ साली रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’त त्या कस्तुरबा झाल्या. संडास साफ करण्यावरून गांधीजींशी होणारा तो खटका आठवून पाहा. अपमान, हट्ट, आणि मग हळूहळू उतरणारा ताठा, सारे चेहऱ्यावर! या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला, मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून.

पण याच भूमिकेने एक चाकोरीही आखून दिली. तिशी नुकती ओलांडलेल्या बाईने म्हातारपण इतके खरे करून दाखवले, की चित्रपटवाल्यांनी तिला तरुण होऊच दिले नाही. ‘सारांश’ १९८४ चा. त्यातली पार्वती प्रधान साकारताना त्या तेहेतिशीच्या आसपास होत्या, आणि नवरा झालेले अनुपम खेर तर त्यांच्याहून लहान. परदेशी मारला गेलेला मुलगा भाडेकरू मुलीच्या पोटी परत येणार, या वेड्या आशेला बिलगलेली ती आई मला आजही खेरांच्या गाजलेल्या मास्तरांहून अधिक अस्वस्थ करते. मास्तर मोठ्याने भांडतो. ती मात्र मनाशी पाळण्याची तयारी करीत असते. पुढे १९९० साली ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चनांच्या आई झाल्या, आणि हे चिरंजीव आईपेक्षा नऊ वर्षांनी वडील! आपल्याकडे नटीच्या वयाचा हिशेब असाच चालतो. नट मात्र पन्नाशीतही नायक असतो.

‘चालबाज’मधली त्यांची दुष्ट काकू पाहिली, म्हणजे आणखी काय काय करता आले असते याची चुटपुट लागते. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून गोविंद निहलानींनी केलेल्या ‘पार्टी’त त्या रंगभूमी सोडलेली नटी होत्या, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हा वाया गेल्या का? कथानक ताणले जात होते, हे मीही मान्य करतो. एकेका प्रसंगात कॅमेरा सर्वांच्या चेहऱ्यांवरून तीन तीनदा फिरे, आणि आमचे शेजारी तेवढ्यात चहा ठेवून येत. पण त्या गर्दीत रोहिणीताईंचे वाक्य आले, की घर गप्प होई. शब्द पुरता उच्चारलेला, आवाज चढवण्याऐवजी उतरवलेला, आणि सून झालेल्या कविता लाड यांचे बोलणे खरोखर ऐकून घेतल्यावर दिलेले उत्तर. रोज नवी पाने हाती येत असताना अकरा वर्षे हा दर्जा राखणे हे रंगभूमीच्या तालमीचेच फळ होय. शिवाय नाटक सुटले नव्हते. एकपात्री ‘अपराजिता’ त्यांनी एकटीच्या बळावर उभे केले. मालिका ऐन भरात असताना, २००४ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. जयदेवजी गेले ते २००८ च्या डिसेंबरात; त्यानंतरही चार वर्षे देशमुखांच्या घरची सासू आपल्याला दिसतच होती.

ती मालिका संपली तेव्हा आमच्या आत्याने टीव्ही लावायचेच सोडले होते. जुलैत झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि गोखल्यांच्या घरची आईआजी म्हणून रोहिणीताई पुन्हा समोर आल्या. मध्ये सहाच महिने गेले होते. आत्याने ते मोजले होते.