स्तनोत्थापन शस्त्रक्रिया : निर्णय व धोके
स्तनांचे ओघळणे हा रोग नव्हे. वय, गर्भारपण व वजनातील चढउतार यांमुळे त्वचा व आधारतंतू सैलावतात. स्तनोत्थापनात जादा त्वचा काढून स्तनाग्र वर बसवितात. व्रण कायमचे राहतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, संवेदना मंदावणे व क्वचित् स्तनाग्राचा रक्तपुरवठा खंडित होणे, हे धोके संभवतात. पुढे स्तनपानास बाधा येऊ शकते. पुन्हा गर्भधारणा झाल्यास लाभ ओसरण्याचा संभव असतो. म्हणून अपत्येच्छा असल्यास थांबणे श्रेयस्कर.

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या भातपट्ट्यात आणखी दोन गोष्टी विचारार्ह ठरतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ओझे उचलणे वर्ज्य असते. सबब रोवणीचा हंगाम टाळावा. खर्ऱ्यातील तंबाखूने रक्तवाहिन्या आकुंचन पावून जखम भरण्यास विलंब लागतो. तो आधीच सोडावा. शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णयही तितकाच विवेकाचा होय.