माळरानावर स्टायलोचे आच्छादन

स्टायलोचे बी बांधावर टाकले, पाऊसही बरा झाला, परंतु काहीच उगवले नाही, अशी तक्रार हलक्या जमिनीच्या गावांतून नेहमी ऐकू येते. बियाणे निकृष्ट होते असा निष्कर्ष काढून शेतकरी तो नाद सोडून देतो. वास्तविक बहुतेक वेळा दोष बियाण्याचा नसून ते जसेच्या तसे पेरण्याचा असतो.

स्टायलो हे द्विदल कुळातील चाऱ्याचे पीक होय. त्याच्या अनेक जाती आहेत. येथे विचार केला आहे तो ‘हमाटा’ या जातीचा. ही वनस्पती मूळची कॅरिबियन समुद्राच्या काठची. मोकळी वाढू दिल्यास ती गुडघ्याच्या वर जाते. परंतु कापली वा चारली म्हणजे तिच्या फांद्या जमिनीसरशी पसरून दाट आच्छादन होते. फुले बारीक व पिवळी असतात. पावसाचा थेंब उघड्या मुरमावर आपटून माती सैल करतो व वाहते पाणी ती घेऊन जाते. आच्छादनाने थेंबाचा मारा पानांवर झेलला जातो. शिवाय मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, आणि चाऱ्यात शेकडा १५ ते १८ प्रथिने असल्यामुळे नुसत्या कडब्यावर असलेल्या जनावरास तो चांगला पूरक ठरतो.

आता बियाविषयी. स्टायलोच्या बियाचे कवच इतके कठीण असते की त्यातून पाणी आत शिरत नाही. निसर्गाच्या दृष्टीने ही सोय आहे. रोहिणीच्या एखाद्या सरीने सर्व बी उगवून आले आणि पुढे पंधरा दिवस पावसाने ताण दिला, तर वंशच बुडेल. म्हणून उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर पडून थोड्या थोड्या बियांचे कवच मऊ होते व त्या हप्त्याहप्त्याने उगवतात. पेरणाऱ्यास मात्र एवढा धीर नसतो. त्याने ते काम उष्ण पाण्याकडून करून घ्यावे.

पाण्यास उकळी आणून भांडे चुलीवरून उतरवावे व सुमारे चार मिनिटे तसेच ठेवावे. म्हणजे पाण्याची उष्णता ८० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. ते पाणी बियांवर ओतून चार ते पाच मिनिटांनी निथळून टाकावे आणि बी रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवावे. उकळत्या पाण्यात बी टाकून भांडे चुलीवरच राहू दिल्यास बी शिजते, हे घरातील माणसांना आधीच समजावून सांगितलेले बरे. सकाळी बी सावलीत सुकवावे. दाणे एकमेकांस चिकटेनासे झाले की पुरे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने याचे प्रात्यक्षिक अवश्य करावे. प्रक्रिया केलेले १०० व न केलेले १०० दाणे ओल्या गोणपाटाच्या दोन तुकड्यांत गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याने शेतकऱ्यांकडूनच मोजून घ्यावेत. भाषणापेक्षा ही मोजणी अधिक पटते.

फोकून पेरण्यास हेक्टरी १० किलो, म्हणजे गुंठ्यास १०० ग्रॅम बी लागते. ओळीने ३० सेंटिमीटर अंतरावर पेरल्यास ६ किलो पुरते. बी बारीक असल्याने ते चार-पाच पट कोरड्या वाळूत मिसळावे. पेरणी पाऊस स्थिरावल्यावर, वाफसा असताना करावी. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. पाभरीने खोल गाडलेले बी वर येत नाही. माती किंचित खरवडून बी फोकावे आणि वरून बोरी-बाभळीची फांदी ओढावी. भिजवलेले बी पावसाची उघडीप सोसत नाही. म्हणून अवर्षणप्रवण भागात चौथा हिस्सा बी प्रक्रियेविना त्यातच मिसळणे शहाणपणाचे. पहिली उगवण करपली तरी हा हिस्सा जमिनीत शिल्लक राहतो.

नत्र हे पीक स्वतः मिळवते. स्फुरद मात्र द्यावे लागते. हेक्टरी ६० किलो स्फुरदासाठी गुंठ्यास पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीपूर्वी मातीत मिसळावे. पाणी साचणारी भारी काळी जमीन या जातीस मानवत नाही.

पहिल्या वर्षी रोपे फार सावकाश वाढतात व गवतात दिसेनाशी होतात. येथेच पुष्कळांचा उत्साह मावळतो आणि गुरे सोडली जातात. पहिल्या वर्षी बी गळून पडेपर्यंत चराई पूर्ण बंद ठेवावी. स्वतःच्या बांधावर हे सोपे आहे. गायरानावर सर्व गुराख्यांची संमती आधी घेतल्याशिवाय बी टाकणे म्हणजे ते वाया घालविणे होय. रोपांवर सावली धरणारे उंच गवत तेवढे कापून न्यावे. खरे आच्छादन व भरघोस चारा तिसऱ्या वर्षापासून मिळतो. त्यानंतर पेरा फुलावर आला की चार-पाच बोटे खुंट राखून कापणी करावी. पावसाळ्याच्या आरंभी जनावरे कोवळे गवत सोडून स्टायलोस तोंड लावत नाहीत, त्यावरून चारा बेचव आहे असे समजू नये. गवत वाळू लागले की ती आपणहून याकडे वळतात.

शेंगा एकदम पिकत नाहीत व पिकलेल्या गळून पडतात. आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात बीजोत्पादन करणारे शेतकरी झाडे कापून घेतल्यावर जमिनीवर पडलेले बी झाडून गोळा करतात. बांधावरील दोन-तीन गुंठे याप्रमाणे राखल्यास पुढील पेरणीचे बी घरचेच होते; मात्र ताजे बी अधिक कठीण असते, तेव्हा पेरण्यापूर्वी पुन्हा उष्ण पाण्याची प्रक्रिया करावी.